चौथ्या पानावरची माफी

दिलगीररावांनी फर्निचरवाल्याचं दुकान पेटवलं आणि म्हणून त्यांना वर्तमानपत्रातून हाकललं, ही बातमी इमारतीच्या ग्रुपवर मंगळवारी सकाळी सातला आली. सव्वासातपर्यंत तिच्याखाली अठरा जोडलेले हात, सहा रडके चेहरे आणि एक चुकून दाबला गेलेला केक जमा झाला होता. साडेसातला दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी लिहिलं, की वरून शांत दिसणाऱ्या माणसाच्या पोटातच अशी आग असते, आणि आपल्याला पहिल्यापासून संशय होता. आठ वाजता खुद्द दिलगीरराव दूध आणायला जिना उतरताना दिसले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, चेहरा नेहमीसारखा, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी चूक नुकतीच सापडल्यासारखा. मग ग्रुपच्या अ‍ॅडमिनबाईंनी निरोप गुपचूप काढून टाकला. मास्तरांनीही आपला संशय काढून टाकला. नऊला ग्रुपवर फुलाचं चित्र आणि शुभ सकाळ आली, आणि इमारतीचं मन निर्मळ झालं.

आता दुरुस्ती. दुकान पेटलेलं नाही. ते कधीच पेटलं नव्हतं, आणि सगळी भानगड त्याचीच आहे. दुसरं म्हणजे दिलगीररावांना साधी काडी ओढता येत नाही. घरी गॅस पेटवायची वेळ आलीच तर बायको लायटर त्यांच्या हातात देते आणि स्वतः दोन पावलं मागे सरकते. तिसरं, नोकरी अजून आहे. ती कशी राहिली, ते मात्र सांगण्यासारखं आहे.

दिलगीरराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. आईबापांनी ठेवलेलं नाव विजेच्या बिलावर आहे आणि तिथे ते सुखात आहे. हे नाव त्यांना चौथ्या पानाने दिलं. शहरातल्या जुन्या दैनिकात, दुसऱ्या मजल्यावर, एक खांब आणि एक लोखंडी कपाट यांच्या मधल्या टेबलाशी बसून ते चोवीस वर्षं एकच चौकट लिहीत आले. चौथ्या पानाच्या तळाला, उजवीकडे, दोन बोटं उंचीची. वर लिहिलेलं 'चूक-दुरुस्ती'. शेवटची ओळ कायमची ठरलेली, 'चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' वर्तमानपत्रातल्या बाकीच्या मंडळींनी रोज आपापल्या वकुबाप्रमाणे चुकायचं आणि दुसऱ्या दिवशी दिलगीररावांनी शहराची माफी मागायची, अशी कामाची सुरेख वाटणी होती.

चुकाही भरघोस असायच्या. एकदा श्वानप्रदर्शनातल्या विजेत्याच्या फोटोखाली नगराध्यक्षांचं नाव गेलं. दिलगीररावांनी रीतसर दुरुस्ती छापली. दोन दिवसांनी दुसरी दुरुस्ती छापावी लागली, कारण पहिलीत कुत्र्याच्या मालकाचं नाव राहून गेलं होतं आणि तो नगराध्यक्षांपेक्षा जास्त भडकला होता.

त्यांची एक पद्धत होती, आणि ती मोडायला ते मेले तरी तयार झाले नसते. ज्याच्याबद्दल चुकलं, त्याला आधी फोन करायचा. जवळ राहत असेल तर घरी जायचं. चौकटीचा मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि तो माणूस 'ठीक आहे' म्हणाला तरच छापायला सोडायचा. चूक कुणी केली हे मात्र कधीही लिहायचं नाही. 'नजरचुकीने' असा एक शब्द होता, त्याच्या पांघरुणाखाली अख्खं संपादकीय खातं चोवीस वर्षं गाढ झोपलं. लोक ती चौकट कापून ठेवत. एका दातांच्या डॉक्टरांनी तर काचेत बसवून दवाखान्यात लावली, कारण वर्तमानपत्राने त्यांना आधी जनावरांचा डॉक्टर करून टाकलं होतं.

घरी मात्र दिलगिरीला कायमची सुट्टी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि या काळात दिलगीरराव बायकोचा वाढदिवस नऊ वेळा विसरले, तिचा चष्मा तीनदा पाकिटासकट धुवायला टाकला, आणि मेहुणीच्या लग्नात चुकून शेजारच्या हॉलमध्ये जाऊन जेवून आले. त्यावर त्यांचा खुलासा एवढाच, की तिकडची माणसं फार आग्रह करत होती. बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "अख्ख्या शहराची रोज माफी मागतात. मी बहुतेक हद्दीबाहेर राहते."

त्या चौकटीच्या बरोब्बर खाली, एकोणीस वर्षं, फर्निचरवाल्याची जाहिरात असायची. हा जाडजूड, हसतमुख माणूस, मोठ्या चौकातल्या काचेच्या दुकानाचा मालक. त्याने ती जागा हट्टाने मागून घेतली होती. म्हणायचा, "ज्याचं नाव चुकलंय तो ती चौकट वाचणारच. वाचून झाल्यावर त्याला बसायला काहीतरी लागतंच."

मग काळ बदलला, म्हणजे लोकांच्या हातातला कागद जाऊन फोन आला. दैनिकाचे मालक, म्हणजे मोठे साहेब, थकले आणि कारभार त्यांच्या मुलीकडे आला. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. ताई हुशार, कष्टाळू, आणि दिवसातून चौदा तास घाईत. तिने आल्याआल्या भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि तिथे एक भला मोठा पडदा लावला. वर्तमानपत्राचं फोनवरचं पेज किती लोक बघताहेत याचा आकडा त्यावर सारखा वरखाली व्हायचा. आधी माणसं घड्याळ बघून काम उरकायची, आता आकडा बघून श्वास घ्यायला लागली. आकडा वाढला की ताई हसायची. आकडा पडला की बातमीदार इकडेतिकडे पळायचे, जणू कुणाची नाडीच लागेनाशी झालीये.

ताईला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अंकाचा खप निम्म्यावर आला होता. खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्यांना कुलपं होती. जाहिरात विभागात एकेकाळी सात माणसं बसायची, तिथे आता एकजण आणि एक कुंडी उरली होती, आणि दोघांपैकी कुंडीची तब्येत बरी होती. कारण जाहिराती सगळ्या फोनवर गेल्या होत्या. फर्निचरवालाही गेला. जाताना भेटायला आला, एवढी माणुसकी दाखवली.

"दिलगीरराव, राग मानू नका. पेपर वाचणारा माणूस आयुष्यात एकदा सोफा घेतो, आणि तो त्याने घेऊन झालाय. फोनवाली पोरं दर दोन वर्षांनी कंटाळतात."

"कोण करणार तुमची जाहिरात?"

"तेच सांगायला आलोय. तुमची भाची."

भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी, रील बनवण्यात पटाईत. ती सोफ्यावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची, मधे केस उडवायची, आणि एवढ्या उद्योगाला चाळीस हजार माणसं बघायची. दिलगीररावांनी हिशेब केला की आपण चोवीस वर्षांत खुर्चीवर याहून कितीतरी जास्त वेळा बसलो-उठलो, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मग महिन्याच्या एक तारखेला ताईने त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, चौथ्या पानाची ती जागा मला हवी आहे. तिथे स्कॅन करायचा चौकोन टाकते. लोक स्कॅन करतील, पेजवर येतील."

"आणि दुरुस्ती?"

"पेजवर काही चुकलं तर पोस्ट काढून टाकायची. संपलं."

"ज्याने वाचली, त्याच्या डोक्यातून कशी काढायची?"

"तो पुढे गेलेला असतो, काका. माणूस एका गोष्टीवर तीन सेकंद थांबतो. तुमच्या चौकटीचं शीर्षक वाचायला पाच लागतात."

दिलगीररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. चौकट गेली तर हे चौदा महिने करायचं काय, आणि त्यापेक्षाही, चोवीस वर्षं आपण जे केलं ते नेमकं काय होतं, असा अवघड प्रश्न त्यांच्यासमोर येऊन बसला. ते एवढंच म्हणाले, "ताई, तीन महिने बघू. काढून टाकून भागलं, तर चौकट कायमची बंद, मी एक अक्षर बोलणार नाही. न भागलं, तर माझी जागा परत द्यायची."

ताईला ही अट आवडली. आवडण्यासारखीच होती, कारण हरायची शक्यता तिला दिसतच नव्हती. "चालेल. आणि तोवर तुम्ही सकाळच्या पाळीला पेज सांभाळा. तुमच्याइतकं बारीक लक्ष इथे कुणाचं आहे? फक्त एक नियम. माहिती आली की चार मिनिटांत पोस्ट. पाचव्या मिनिटाला ती दुसऱ्या कुणाची तरी असते."

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या, त्याला चुका पैदा व्हायच्या जागी नेऊन बसवलं. दिलगीररावांनी पाच आठवडे ते काम जीव मुठीत धरून केलं. प्रत्येक बातमीला फोन करायचे. तीन मिनिटं पन्नास सेकंदांना घाम पुसायचे आणि चौथं मिनिट संपता संपता बटण दाबायचे. पाच आठवडे एकही चूक नाही. ताई खूश. चौकट बंदच. म्हणजे माणूस आपल्याच हाताने आपला खड्डा नीटनेटका खणत होता, कडा सारख्या करून.

सहाव्या सोमवारी सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी कुणा वाटसरूने एक व्हिडिओ पाठवला. मोठा चौक. फर्निचरवाल्याचं काचेचं दार. आत पांढरा दाट धूर, आणि धुरामागे नारिंगी उजेड लपलपतोय. खाली लिहिलेलं, 'दुकान पेटलं, आत माणसं आहेत.'

दिलगीररावांनी दुकानाचा फोन फिरवला. वाजत राहिला. फर्निचरवाल्याचा मोबाइल फिरवला. वाजत राहिला. मग त्यांना आठवलं, की आज सोमवार, आणि सोमवारी भाची तिथे शूटिंगला असते. तिला लावला. तोही वाजत राहिला. तीन मिनिटं झाली. पलीकडून कुणीतरी ओरडलं, की दुसऱ्या एका पेजने टाकलंसुद्धा. बहिणीला काय सांगायचं, हा विचार डोक्यात आला, आणि तो आल्यावर दुसरं काही आत शिरेना. त्यांनी लिहिलं, 'मोठ्या चौकातील फर्निचरच्या दुकानाला भीषण आग, आत काहीजण अडकल्याची भीती.' भीषण हा शब्द त्यांनी चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातून खोडला होता. बटण दाबलं आणि चप्पल उलटसुलट घालून ते जिन्यावरून धावत सुटले. मागे पडद्यावरचा आकडा असा चढला, की ताई केबिनमधून बाहेर येऊन नुसती बघत उभी राहिली.

चौकात गर्दी. अग्निशमन दलाची गाडी नुकतीच येऊन थांबलेली. दिलगीरराव माणसं बाजूला सारत काचेच्या दारातून आत घुसले. आत, धुराच्या बरोब्बर मध्ये, लाल सोफ्यावर, पायावर पाय टाकून फर्निचरवाला बसला होता. काळा गॉगल, अंगात चमकणारा कोट. त्याच्या मागे एक पत्र्याचा डबा फस्स फस्स करत धूर सोडत होता, आणि एका नारिंगी दिव्यापुढे टेबलफॅनला बांधलेली कागदाची पट्टी फडफडत होती. समोर भाची, एक डोळा मिटून फोन धरून बसलेली.

"मामा, जरा बाजूला हो ना. फ्रेममध्ये आलास."

मामांना श्वास लागला होता, त्यामुळे जे बोलायचं होतं ते सुदैवाने बोलता आलं नाही.

"अगं, फोन का नाही उचलत?"

"शूटिंगच्या वेळी सगळ्यांचे फोन बंद आवाजाचे. माझा नियम आहे."

"हा धूर कसला?"

"एन्ट्री आहे रे. हे दुकानवाले काका धुरातून प्रकट होतात आणि म्हणतात, नवीन सोफा आला. कालपासून लोक कंटाळलेत नुसतं बसण्याला."

तर असं. धूर भाचीचा, आग मामाची. जाहिरातीने धूर केला, बातमीने त्याला आग लावली, आणि दोघांच्या मध्ये फर्निचरवाला गॉगल लावून बसला होता. अग्निशमन दलाच्या साहेबांनी डबा उलटासुलटा करून पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि जाण्याआधी सोफ्यावर बसून विचारलं, की हा रंग उन्हात उतरतो का.

मग फर्निचरवाल्याने फोनचा आवाज चालू केला. एकेचाळीस फोन येऊन गेलेले. कारखान्याने मालाचा ट्रक अर्ध्या वाटेवरून परत फिरवलेला. एका कुटुंबाने नोंदवलेला पलंग रद्द करून दुसऱ्या दुकानात नोंदवलेला. आणि मेव्हण्याचा एक लांबलचक निरोप, ज्यात दुःख कमी आणि विम्याची चौकशी जास्त होती. त्याने गॉगल काढला. गॉगलखालचा माणूस एकदम म्हातारा दिसला.

ताईने दुपारी बाराला पोस्ट काढून टाकली. "झालं, काका. गेली. दुसऱ्या पेजनेही काढली. आता शोधून सापडणार नाही."

खरंच सापडत नव्हती. पण तोवर ती शहरभर फोनाफोनांतून फिरत होती, आणि फिरता फिरता बाळसं धरत होती. संध्याकाळी आगीत दोघे जखमी झाले. रात्रीत विजेच्या तारेचा दोष निघाला. मंगळवारी सकाळी आमच्या इमारतीत पोहोचेपर्यंत ती दिलगीररावांनी स्वतः लावली होती. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. चारपाच माणसं आली ती जळालेल्या दुकानाचा फोटो काढायला, आणि सगळं धडधाकट पाहून त्यांची फार निराशा झाली. एकाने तर मालकालाच विचारलं, "जळालेला भाग कुठल्या बाजूला आहे?"

मंगळवारी दुपारी फर्निचरवाला ताईच्या केबिनमध्ये येऊन उभा राहिला. बरोबर भाची. दिलगीरराव आधीच कोपऱ्यात उभे होते.

"मी तुम्हाला एक रील मोफत करून देते," ताई म्हणाली. "दोन करते. पेजवर आठवडाभर वर ठेवते."

"रील नको. रीलनेच आग लागलीय. मला चौकट पाहिजे."

"कसली चौकट?"

"यांची." त्याने दिलगीररावांकडे बोट केलं. "चौथ्या पानावरची. छापील. दुकानाच्या दाराला लावणार आहे, आतून, अक्षरं बाहेर करून."

"पण पोस्ट तर आम्ही काढून टाकली."

"ताई, काढून टाकलेली पोस्ट काचेला कशी चिकटवू?"

ताईने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. तो आपला आकडा दाखवत बसला. एकोणीस वर्षांनी कागदाला सोडून गेलेला माणूस कागद मागायला परत आला होता, आणि दिलगीररावांच्या चेहऱ्यावर आनंदाचा लवलेश नव्हता, कारण पैज जिंकायला चूक लागते, आणि ती त्यांचीच होती.

"एक दिवस छापू," ताई म्हणाली. "काका, तांत्रिक कारणामुळे असं लिहा."

"हो ना मामा," भाची म्हणाली. "तांत्रिक म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. आम्ही रोज तेच सांगतो."

"बटण मी दाबलं," दिलगीरराव म्हणाले. "यंत्राला कशाला मध्ये ओढायचं?"

"मग नजरचुकीने लिहा. तुमचाच शब्द आहे."

"नजर चुकली नव्हती. नीट दिसत होतं, की कुणी फोन उचलत नाहीये. थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

ताई खुर्चीवर मागे रेलली. तिचा आवाज खाली आला. "काका, तुम्ही कुणी केलं ते लिहिलंत, तर मला काहीतरी कारवाई दाखवावी लागेल. चौदा महिने राहिलेत तुमचे."

"तेरा," दिलगीरराव म्हणाले. त्यांना दुरुस्ती केल्याशिवाय राहवत नसे.

मग ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले. दीड तास बसले. चार ओळी लिहायला एवढा वेळ त्यांना नगराध्यक्षांच्या वेळीही लागला नव्हता. तीन कागद फाडले. फर्निचरवाला खांबाला टेकून उभा होता, कारण बसायला दुसरी खुर्ची नव्हती, आणि फर्निचरवाल्याला खुर्ची न मिळण्यातली गंमत त्या दिवशी कुणाला सुचली नाही. शेवटी दिलगीररावांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

"'मोठ्या चौकातील फर्निचरच्या दुकानाला आग लागल्याची बातमी सोमवारी आमच्या पेजवर आली. आग लागली नव्हती. तो जाहिरातीच्या शूटिंगचा धूर होता. खात्री होण्याआधी ही बातमी टाकण्याची चूक ही चौकट लिहिणाऱ्यानेच केली. तो दिलगीर आहे.'"

फर्निचरवाल्याने कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "शूटिंगचं काढलं तर नाही का चालणार?"

"नाही."

"बरं. ठीक आहे."

बुधवारी सकाळी अंक दारात पडला. बायकोने चौथं पान उघडलं. स्कॅनच्या चौकोनाच्या जागी जुनी चौकट, आणि शेवटची ओळ बदललेली. तिने ती दोनदा वाचली. दिलगीरराव दात घासत होते आणि आरशातून तिच्याकडे बघत होते.

"आली म्हणायची एकदाची," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं वाट बघितली. आली ती चौथ्या पानावर, आणि तीही सोफेवाल्यासाठी."

दिलगीररावांनी चूळ भरली. चूळ भरायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. बायकोने तेवढ्यात कात्री आणून चौकट कापली आणि कपाटात, साड्यांच्या खाली, कागद चुरगळणार नाही अशी ठेवून दिली. कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

फर्निचरवाल्यानेही कापली, प्लास्टिकमध्ये बसवून घेतली आणि दाराच्या काचेला लावली. जाणारा येणारा थांबून वाचायला लागला, चांगलं तीन सेकंदांहून जास्त. पलंग रद्द करणारं कुटुंब परत आलं. ट्रकही आला. पण मजा पुढेच आहे. कुणीतरी त्या काचेचा फोटो काढला आणि फोनवर टाकला, 'चूक केली, आणि चक्क कबूल केली' असं लिहून. गुरुवारपर्यंत त्या चौकटीला आगीहून अधिक माणसांनी पाहिलं. परक्या शहरांतली माणसं विचारायला लागली, हा 'तो' कोण. ज्यांनी सोमवारी दुकान जाळलं होतं, त्यांनीच गुरुवारी प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, त्याच अंगठ्याने.

दरम्यान कारवाई झाली होती. दिलगीररावांना पेजवरून काढलं आणि त्यांचं टेबल पाण्याच्या फिल्टरशेजारी नेऊन ठेवलं. काम काही दिलं नाही. तीन दिवस ते फिल्टरचा थेंब थेंब ऐकत बसले, आणि पेला भरायला येणारा प्रत्येकजण त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघून गेला. शनिवारी ताईने केबिनमध्ये बोलावलं. पडद्यावर फर्निचरच्या दुकानाची काच होती, आणि खाली असा आकडा, की तो मावायला अक्षरं बारीक करावी लागली होती.

"बसा काका. पैज तुम्ही जिंकलात. चौकट परत."

दिलगीरराव बसले. चेहरा जरासा हलला.

"चौथ्या पानावर, आणि पेजवरही. रोज सकाळी नऊला. नाव ठेवलंय 'आजची दिलगिरी'. तुम्ही स्वतः वाचायची, कॅमेऱ्यासमोर. शूटिंग तुमची भाची करेल. आणि सोफेवाले प्रायोजक आहेत, तुम्ही त्यांच्याच खुर्चीवर बसून वाचायची. ते काल स्वतः येऊन गेले."

"रोज?"

"रोज. लोकांना सवय लागली पाहिजे."

"आणि ज्या दिवशी चूक नसेल त्या दिवशी?"

ताईने लॅपटॉप मिटला आणि अगदी प्रेमाने, समजावणीच्या सुरात म्हणाली, "काका, एखादी छोटीशी करायची ना. कुणाला दुखवणारी नको. एखादं नाव, एखादी तारीख. आदल्या दिवशी मुद्दाम टाकून ठेवायची, म्हणजे सकाळी घाई होणार नाही. तुमचे तेरा महिने निर्धास्त, पुढेही मी ठेवून घेईन. नाही म्हटलंत तर मात्र मला फिल्टरपाशीच ठेवावं लागेल. बोला, काय करू?"

दिलगीररावांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. मग ते उठून उभे राहिले आणि म्हणाले:

"छापील चौकट द्या, ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी मी लिहीन, नाहीतर जागा कोरी ठेवा, नाहीतर मी फिल्टरपाशी बसतो, पाणी तरी स्वच्छ आहे. मुद्दाम चूक करून मला माफी मागता येत नाही, ताई. आणि रोज एक लागणारच असेल तर माझ्या घरी फोन करा. बायकोकडे सत्तावीस वर्षांचा साठा आहे, सगळ्या अस्सल."